दरसाल चौथा हिस्सा

पाखरं हाकलायचं काम मी लग्न झाल्यापासून केलं आणि पाखरं मोजायचं काम म्हातारपणी लागलं. दोन्ही कामांत मचाणावरच बसायचं. पहिल्या कामात पाखरू दिसलं की ओरडायचं, दुसऱ्यात तोंड बंद ठेवायचं. फरक एवढाच, पण तोंड बंद ठेवणं जास्त कठीण आहे.

आमचं गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधलं, मूर्तिजापूरकडचं. पूर्वी इथे ज्वारी फार व्हायची. कणसात दूध भरलं की राखण लागायची. शेताच्या मधोमध चार बल्ल्यांचं मचाण, त्यावर बाई, हातात गोफण. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत डोळा शेतावर. माझ्या सासूने मला हे काम शिकवलं. ती म्हणायची, "नजर एका जागी नको ठेवू वं, पूर्ण वावरावर सांडून ठेव." हे सांगून समजत नाही, बसून बसून येतं. एकदा आलं की मग शेतात कुठेही काही हललं तरी कळतं.

पुढे सगळ्यांनी सोयाबीन पेरलं. सोयाबीन पाखरं खात नाहीत. राखण गेली. आम्ही बाया निंदणाला जाऊ लागलो. निंदणात नजर खाली. मला ते काम आवडलं नाही, पण आवडीचं कोण विचारतं.

राधिका मॅडम आल्या त्या अमरावतीहून, एसटीने. वय असेल अठ्ठावीस-तीस. पाखरांचा अभ्यास करायच्या आणि अजून करतात. त्यांना आमच्या गावची ई-क्लासची जमीन पाहिजे होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ई-क्लास म्हणजे गावाची चराईची सरकारी जमीन. बऱ्याच गावांत लोकांनी ती नांगरून पिकाखाली घेतली आहे. आमच्याकडे उरली, कारण तिथे मुरूम आहे आणि नांगर नीट लागत नाही. आमच्या चांगुलपणामुळे उरली असं कोणी समजू नये. पावसाळ्यात तिथे कमरेएवढं गवत होतं आणि त्या गवतात तणमोर येतो.

मॅडमने ई-क्लासमध्ये चार मचाणं बांधून घेतली आणि मोजायला आधी गावचे पुरुष घेतले. पुरुष मचाणावर चढले, थोडा वेळ बसले, मग मोबाइल काढले. एक जण झोपला. मॅडमने तिसऱ्या दिवशी चौकात विचारलं, "इथे कोणाला नुसतं बसून पाहत राहता येतं का?" कौसा तिथेच भाजी घेत होती. कौसा म्हणजे माझी शेजारीण, राखणीच्या वेळची सोबतीण. ती म्हणाली, "आमी सारी जिंदगी तेच केलं बाप्पा. पर तवा कोणी मॅडम आली नाई." अशा आम्ही चार बाया कामाला लागलो.

तणमोर मोजणं म्हणजे काय ते सांगते. पाखरू कोंबडीएवढं, पण उंच पायांचं. पावसाळ्यात नर काळा होतो, पंखावर पांढरं दिसतं, डोक्यामागे चार बारीक तुरे येतात. तो दिवसभर गवतात लपलेला असतो. गवत त्याच्यापेक्षा उंच, मग मादीला तो दिसणार कसा? म्हणून तो उडी मारतो. सरळ वर, माणसाच्या डोक्याइतका उंच, पंख फडफडवत, बेडकासारखं टर्र करून, आणि धप्पकन खाली. पुन्हा गवतात गायब. थोड्या वेळाने पुन्हा. ढगाळ दिवस असला तर विचारूच नका. प्रत्येक नराची जागा ठरलेली असते, तो तिथूनच उडतो. म्हणून मोजता येतो. मादी मातकट रंगाची, ती उडी मारत नाही. मादी आम्ही मोजत नाही कारण ती दिसतच नाही. इतकी वर्षं झाली, मी एकही मादी नक्की पाहिली असं म्हणू शकत नाही.

पहिल्याच दिवशी कौसाने घोळ केला. समोर नर उडाला आणि तिच्या तोंडून "हाऽऽ हुर्रे!" निघालं. इतक्या वर्षांची सवय. पाखरू पार नाल्यापलीकडे गेलं. मॅडम दुसऱ्या मचाणावरून पाहत होत्या. त्या डोक्याला हात लावून बसल्या. कौसा मला ओरडून म्हणाली, "सुभद्रे, माह्या तोंडाले फडकं बांध वं!" तिने खरंच बांधलं. आठवडाभर ती दुपट्ट्याने तोंड बांधून बसायची. रस्त्याने जाणारे विचारायचे, बाईचा दात दुखतो का.

दुसरा घोळ मोठा होता. ई-क्लासमध्ये मधून एक चढ आहे. चढावर उडणारा नर दोन मचाणांवरून दिसायचा आणि दोन्हीकडच्या बाया त्याला आपापला म्हणून मोजायच्या. उन्हात बसून भांडणंही झाली. "थो माहा हाय." "तुहा कसा? मी सकाळपासून पाहून राहिली त्याले." मग आम्ही ठरवलं, उडी दिसली की हातातला दुपट्टा वर करायचा. दोन मचाणांवरून दुपट्टे एकाच वेळी वर गेले तर पाखरू एक. वेगवेगळ्या वेळी गेले तर दोन. मॅडमला ही रीत पटली. पहिल्या वर्षी या रीतीने सोळा नर भरले.

लोकही पाहायला यायचे. पुण्याचा एक फोटोवाला आला होता, हिरवे-पिवळे डाग असलेले कपडे घालून. त्याने मला विचारलं, "आजी, तो साधारण किती वाजता उडी मारतो?" मी म्हटलं, "ती काय शाळेची घंटा हाय का?" त्याला राग आला असावा. पण बसला. उन्हाने लाल झाला, त्याचं पाणी संपलं, मग आमचं प्यायला. शेवटी त्याला फोटो मिळाला आणि तो माझ्या पाया पडला. मी म्हटलं, "माह्या काहून पडतो, मी थोडीच उडली?" पुण्याच्या माणसाला आमचं बोलणं भांडणासारखं वाटतं. आम्ही भांडतो तेव्हा कसं बोलतो ते त्याने ऐकलंच नाही.

पहिल्या वर्षी सोळा, दुसऱ्या वर्षी बारा, तिसऱ्या वर्षी नऊ. चौथ्या वर्षी सात. बाया त्याच, मचाणं तीच, रीत तीच.

त्या वर्षी मॅडमने आम्हाला समजावलं की ही घट साधी नाही. मला ते माझ्या परीने सांगू द्या. घरच्या टाक्यातून रोज दहा गुंड पाणी काढलं तर रोज दहाच कमी होतात. टाकं कोणत्या दिवशी संपेल ते सांगता येतं. ही एक घट. आता दुसरी. गाडगंभर ताक आहे, पाहुणे येत आहेत आणि प्रत्येक जण जेवढं उरलं आहे त्याचा चौथा हिस्सा घेतो आहे. पहिल्याला भरपूर मिळतं, दुसऱ्याला त्याहून कमी, आठव्या-नवव्याला घोटभर. पाहुणे सगळे सारखेच हावरे. शेवटच्या पाहुण्याने कमी घेतलं असं दिसतं. कमी घेतलेलं नसतं, कमी उरलेलं असतं.

तणमोराचं असंच चाललं होतं. दरसाल कोणीतरी चारातला एक घेऊन जात होतं. कोणी म्हणजे कोण? कुत्रे अंडी खातात, फवारणीने किडे मरतात आणि पिल्लांना खायला राहत नाही, कोणी फासे लावतो, कोणी गवत लवकर कापतो. शिवाय हे पाखरू फक्त पावसाळ्यात येतं. नंतर कुठे कुठे जातं ते मॅडमलाही पुरतं माहीत नाही. तिकडेही काही होत असेल. आपल्या हातात गवत तेवढं आहे.

आणि त्याच वर्षी गवतावर संकट आलं.

ई-क्लासच्या गवताचा लिलाव दरवर्षी होतो. पूर्वी दसऱ्यानंतर बाया इळे घेऊन कापायच्या. हळूहळू चालायचं ते काम, पाखरू सरकून जायचं. त्या वर्षी बाहेरचा एक ठेकेदार आला. त्याला चारा हिरवा पाहिजे होता, भादव्यातच. त्याच्याकडे कापायची मशीन होती. दोन दिवसांत सगळं सपाट झालं असतं. भादव्यात तणमोराची अंडी नाहीतर बोटभर पिल्लं गवतात असतात. पिल्लाला पळता येत नाही, ते दबून बसतं. मशीनला दबून बसलेलं दिसत नाही.

गावचा सरपंच माझा दीर, बबन. मनाने वाईट नाही, पण सरपंच आहे. ठेकेदार भाव चांगला देत होता आणि गावाला पाण्याच्या टाकीचं काम करायचं होतं. त्याने ग्रामसभा बोलावली. मॅडमने पंचायतीच्या फळ्यावर खडूने दरसालच्या मोजणीची रेघ काढली. वरून सुरू होणारी, आधी झपाट्याने उतरणारी, मग आडवी होत होत जाणारी. माझ्या मते तिथेच चूक झाली. ती रेघ ज्याला समजते त्याला भीती वाटते, ज्याला समजत नाही त्याला धीर येतो.

बबन उठला. हसत म्हणाला, "पहा मंडळी. पयल्या साली चार गेले. मंग तीन गेले. मंग दोन. म्हंजे नुकसान कमी होऊन राहिलं. पुढच्या साली एक जाईन अन् मंग बंद. मॅडम, रेघ तळाले टेकते का हो?"

मॅडम खरं बोलणारी बाई. म्हणाल्या, "गणितात टेकत नाही, पण..."

"झालं तर मंग!" बबनने टाळी वाजवली. "टेकतच नाई. काहून भेता?"

सभा हसली. मॅडम सांगत राहिल्या की हिस्सा तोच आहे, चारातला एक. रेघ हजारांसाठी ठीक असते, मूठभर उरले की रेघेला विचारून चालत नाही, पाऊण तणमोर कुठे नसतो. रेघ टेकली नाही तरी पाखरू टेकतं. बरोबर बोलत होत्या, पण तोवर लोक उठून चपला शोधू लागले होते. मीही ताकाचं उदाहरण सांगितलं. एक जण म्हणाला, "ताक आहे का मंग, आणा." सभेत भादव्याची कापणी ठरली.

परत येताना मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "रडून काय होते? किती दिवस पाहिजे पाखराले?"

"दसऱ्यापर्यंत मिळाले तरी पिल्लं चालती होतील, काकू."

"मंग तेवढेच पाहू."

आमच्याकडे राखणीचा एक रिवाज आहे. आता ज्वारीच नाही म्हणून नव्या पोरांना माहीत नसेल. मचाणाला शिडी लावलेली असते. राखण संपली की राखणदारीण स्वतःच्या हाताने ती शिडी काढून जमिनीवर आडवी ठेवते. शिडी आडवी झाल्याशिवाय त्या वावरात इळा लावत नाहीत. मालकानेही लावायचा नाही. शिडी दुसऱ्या कोणी काढायची नाही, काढली तर पुढचं पीक हातचं जातं असं मानतात. मी कधी कोणाचं पीक त्यामुळे गेलेलं पाहिलं नाही. पण शिडीला हात लावणारा माणूसही पाहिला नाही.

मशीन आली त्या सकाळी आम्ही चौघी आपापल्या मचाणावर होतो. नेहमीसारख्या. मॅडमला मी अमरावतीलाच थांबायला सांगितलं होतं, कारण हे गावचं भांडण होतं. मशीनवाला परजिल्ह्यातला पोरगा. त्याने खालून हाक मारली, "मावशी, उतरा, कापाचं हाय." मी म्हटलं, "काप ना बापा, तुले कोण अडवलं?" त्याने मशीन सुरू केली. पण गठ्ठे बांधायला आणि भरायला ठेकेदाराने गावचेच मजूर सांगितले होते. ते बांधावर आले, चार उभ्या शिड्या पाहिल्या आणि तिथेच बसले. एकाने तंबाखू काढली. मशीनवाल्याने विचारलं, "चला ना, काय झालं?" म्हाताऱ्या मजुराने सांगितलं, "शिडी उभी हाय." पोराला काही कळलं नाही. त्याने मशीन बंद करून ठेकेदाराला फोन लावला, ठेकेदाराने बबनला.

बबन आला तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. तो माझ्या मचाणाखाली उभा राहिला.

"वयनी, खाली या."

"जेवाच्या टाइमाले येतो ना. काहून?"

"शिडी काढा. कापणी हाय."

"राखण झाली नाई अजून."

"थे जवारीचं असते वयनी! गवताची राखण कोणी ऐकली का?"

पलीकडच्या मचाणावरून कौसा ओरडली, "बबन्या, मचाणावर बाई बसली, पाखरं पाहून राहिली, म्हंजे राखणच झाली ना रे! अजून काय शिंगं पाहिजे का तिले?"

मजूर हसले. बबन चिडला. "ग्रामसभेत ठरलं हाय. मी शिडी काढतो मंग."

"काढ," मी म्हटलं. "आमी काईच बोलत नाई."

बबनने शिडीला हात घातला. बांधावरचे मजूर उठून उभे राहिले, पाहायला. त्याचा हात शिडीवर होता आणि मी वरून त्याच्या टकलाकडे पाहत होते. हे काम मला ज्या बाईने शिकवलं ती त्याची आई. तिच्या मचाणाखाली झोळीत तो वाढला. तो रिवाज त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होता.

त्याने हात काढला. झटकला, जसं काही धूळ लागली.

"तुमी बाया लय बदमाश हा," तो म्हणाला. मग मशीनवाल्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "आमच्या गावचा रिवाज हाय बावा. दसऱ्यानंतर या."

बबनला पाखराची दया आली असं मी म्हणत नाही. त्याला गावासमोर मागे फिरायला वाट पाहिजे होती आणि रिवाजाने ती दिली. ठेकेदार भाव पाडून बोलला, मग आलाच नाही. गवत दसऱ्यानंतर गावानेच कापलं, पिवळं झालेलं. टाकीचं काम लांबलं. त्याचं वाईट वाटतं, कारण पाणी मीच भरते. पण टाकी पुढच्या वर्षीही बांधता येते.

कापणीच्या आधी आम्ही चौघींनी शिड्या आडव्या केल्या. कौसाने नारळ फोडला आणि अर्धा स्वतःच खाल्ला.

मला एकाच गोष्टीची हळहळ वाटते. सोळाचे बारा झाले तेव्हाच हे करायला पाहिजे होतं. तेव्हा आम्ही मोजलं, च्‌च्‌ केलं आणि निंदणाला गेलो. हे पाखरू भरपूर होतं तेव्हा गोफणीने हाकललं, संपत आलं तेव्हा मोजलं. जगात बहुतेक असंच चालत असेल.

यंदा मोजणी झाली. जुन्या हिस्स्याने पाच भरायला पाहिजे होते. सहा भरले. मॅडमने मोबाइलमध्ये टिंब टाकून दाखवलं, रेघेच्या थोडं वर. मी म्हटलं, "म्हंजे थांबलं का?" मॅडम म्हणाल्या, "काकू, एवढ्या थोड्या पाखरांत एक इकडेतिकडे होतंच. एका टिंबाने काही सिद्ध होत नाही. अजून काही वर्षं पाहावं लागेल." मॅडम खोटी आशा देत नाहीत म्हणून मला आवडतात. कौसाने विचारलं, "पर सहा हाय ना?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, "सहा आहेत."

भादवा अर्धा झाला तेव्हा बबन घरी आला. ओट्यावर बसला. यंदा त्याने लिलावाची सभा बोलावली नव्हती.

"वयनी, शिड्या कधी आडव्या करता? तारीख टाकाची हाय लिलावाची."

"पिल्लं गवतात हाय अजून."

"तुमाले कसं मालूम? मादी तर दिसतच नाई म्हणता."

"दिसत नाई म्हणूनच."

त्याने चहा मागितला, बशीत ओतून प्यायला आणि जाताना म्हणाला, "दसऱ्यानंतरची टाकतो मंग."